साठवण कोणाची, किल्ली कोणाची?



२०२४ सालच्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील सहा लाखांहून अधिक माणसांना आपल्या निवृत्तिनिधीच्या खात्यात काय शिल्लक आहे, हे आठवडाभर पाहता आले नाही. ही माणसे प्रामुख्याने विद्यापीठांतली : अध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळांतील साहाय्यक, कचेरीतले कारकून. त्यांच्या निधीचे नाव युनिसुपर. निधीचे दिवाळे निघाले नव्हते, कोणी अफरातफर केली नव्हती, बाहेरच्या कोणी संगणकांवर हल्लाही चढवला नव्हता. युनिसुपरने आपला संगणकीय कारभार गूगलच्या क्लाउडवर हलवला होता. तो तेथे मांडून देताना गूगलच्या बाजूने एका अंतर्गत साधनातला एक रकाना कोरा राहिला. आणि रकाना कोरा म्हणजे मुदत एक वर्षाची, असे ते साधन समजून चालले. वर्ष भरताच सारी मांडणी आपोआप पुसली गेली. एका ठिकाणी बिघाड झाला तर दुसऱ्याने काम चालवावे, म्हणून उभारलेली जुळी व्यवस्थाही त्याच वेळी गेली. कारण पुसण्याची आज्ञा दोहोंना मिळून एकच होती. ग्राहकाने स्वतः रद्द करावयाचे ठरविले असते तर त्याला आगाऊ सूचना गेली असती. हे पुसणे ग्राहकाने मागितलेलेच नव्हते, म्हणून सूचनाही गेली नाही.

निधीचा कारभार पुन्हा उभा राहिला तो बॅकअपमुळे. काही प्रती युनिसुपरने अन्य पुरवठादाराकडे ठेवल्या होत्या. काही गूगलच्याच, परंतु वेगळ्या साठवण-सेवेत होत्या आणि त्या ह्या पुसापुशीच्या कक्षेबाहेर राहिल्या. कोणत्याही संस्थेच्या जमाखर्चात अशी दुसरीकडची प्रत ही दरसाल डोळ्यांत खुपणारी बाब असते. वर्षानुवर्षे तिचा उपयोग शून्य दिसतो आणि खर्च मात्र ठळक दिसतो. काटकसरीची पहिली कात्री तिच्यावर चालते.

आजच्या सभेत सॉफ्टवेअरच्या धंद्यात राबणारी तरुण मंडळी बरीच आहेत. ह्या मंडळींपुढे वारंवार येणारा प्रश्न असा की, आपण लिहिलेले प्रोग्रॅम, ग्राहकांचा डेटा, छायाचित्रे, हिशेब हे सारे ठेवावे कोठे, आणि त्याचा बॅकअप घेण्याचे साधन कोणते निवडावे. प्रश्न दिसायला तांत्रिक आहे आणि त्याची उत्तरेही दरपत्रकांच्या भाषेत दिली जातात : ह्याचा दर इतका, त्याचा वेग इतका, अमुक कंपनी इतकी जागा फुकट देते. वस्तुतः येथे वस्तूची खरेदी घडतच नाही. घडते ते दुसऱ्याच्या जागेत आपला माल भाड्याने ठेवणे. आणि भाडेकरूला पडणारे सगळे जुने प्रश्न येथे नव्या वेषात उभे राहतात.

क्लाउड म्हणजे मेघ. ह्या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे. माहिती आकाशात कोठेच नसते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात केंद्र काढले, ॲमेझॉनने २०१६ च्या जूनमध्ये मुंबईत काढले, पुढे हैदराबादलाही दुसरे काढले. ह्या सिमेंटच्या इमारती आहेत. त्यांना जमीन लागते, वीज लागते, थंडावा राखण्याची यंत्रणा लागते, आणि त्या कोणाच्या तरी मालकीच्या असतात. जगातील अशा धंद्याचा साठ टक्क्यांहून मोठा हिस्सा केवळ तीन अमेरिकन कंपन्यांकडे आहे. ह्याला मक्तेदारी म्हणावे की मोजक्यांची मक्तेदारी म्हणावे, हा अर्थशास्त्राच्या वर्गातला वाद झाला. भाडेकरूच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, घरमालक तीनच असले की भाड्याच्या अटी एकमेकांसारख्या होऊ लागतात.

त्या अटी पाहण्यासारख्या आहेत. १४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवण-सेवा सुरू केली, तेव्हा एक गिगाबाइट माहिती महिनाभर ठेवण्याचे भाडे १५ सेंट होते. अमेरिकेतील मुख्य केंद्रात आज ते २.३ सेंट आहे. सहा-सात पटींनी झालेली ही घट मोठी खरी. परंतु ती जवळजवळ सगळी पहिल्या दहा वर्षांतली. २०१६ च्या डिसेंबरपासून हा मूळ दर जागचा हललेला नाही, जरी त्यानंतरही अनेक वर्षे डिस्का स्वस्त होत राहिल्या. स्पर्धा जोवर ग्राहक मिळविण्यासाठी होती तोवर भाव उतरले. ग्राहक घरात येऊन बसल्यावर उतरण्याचे कारण उरले नाही.

परंतु खरा मुद्दा भाड्याचा नाही. तो दारातल्या नाक्याचा आहे. माहिती आत टाकण्यास पैसे पडत नाहीत. बाहेर काढण्यास पडतात. दरमहा पहिले १०० गिगाबाइट सोडले तर पुढच्या प्रत्येक गिगाबाइटमागे ९ सेंट. मुंबई केंद्राचा दर ह्याहूनही चढा. एक हजार गिगाबाइट ठेवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचा हिशेब मांडला तर महिन्याचे भाडे २३ डॉलर आणि सामान एकदा बाहेर नेण्याचा खर्च ८१ डॉलर, म्हणजे साडेतीन महिन्यांचे भाडे. ज्या दिवशी घर सोडावेसे वाटेल त्याच दिवशी हे बिल पुढ्यात येते. तार एकच, तिच्यातून जाणाऱ्या विजेचा खर्च दोन्ही दिशांना सारखाच. तेव्हा एका दिशेस शून्य आणि दुसऱ्या दिशेस नऊ, ह्याचे स्पष्टीकरण उत्पादनखर्चात सापडत नाही. ते सापडते भाडेकरूच्या अडचणीत. ज्यांनी जुन्या सावकारी व्यवहाराचे कागद चाळले आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल : पैसा हातात पडताना दार सताड उघडे, आणि फेडून मोकळे होण्याच्या वेळी उंबऱ्यावर नाना कलमे.

ह्या नाक्याविरुद्ध काही हालचाल झालेली आहे. युरोपीय संघाचा डेटा-कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाताना आकारले जाणारे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून पूर्णतः बंद व्हावे, अशी त्यात तरतूद आहे. कायद्याची चाहूल लागताच २०२४ च्या जानेवारीत गूगलने आणि मार्चमध्ये ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने, कायमचे सोडून जाणाऱ्यास हे शुल्क माफ केले. तीन स्पर्धकांना एकाच तिमाहीत उदारता सुचली, ती बाजाराच्या प्रेरणेने सुचली असे कोणी म्हणणार नाही. अर्थात माफी आहे ती संपूर्ण घर सोडणाऱ्याला. रोज थोडे थोडे सामान नेणाऱ्याला नाही. आपल्याकडे, व्यक्तीला स्वतःविषयीची माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता. २०२३ साली जो कायदा संमत झाला त्यात तो उरला नाही. ह्यावर फारशी चर्चा झाली नाही, हे आपल्या विरोधी पक्षांना भूषणावह नाही.

तेव्हा तरुण डेव्हलपरने दरपत्रक वाचावे ते शेवटच्या पानापासून. आणखी एक गोष्ट ह्याच अंगाने ध्यानात घेण्याजोगी आहे. ॲमेझॉनच्या एस-थ्रीशी बोलण्याची जी संगणकीय रीत आहे ती आता ह्या धंद्याची प्रमाणभाषा बनली आहे. इतर अनेक पुरवठादार तीच भाषा बोलतात. त्यांपैकी क्लाउडफ्लेअरची आर-टू ही सेवा बाहेर काढण्याचे शुल्क घेत नाही; बॅकब्लेझ साठवलेल्याच्या तिप्पट माहितीपर्यंत घेत नाही. ज्याने आपला प्रोग्रॅम ह्या प्रमाणभाषेपुरता मर्यादित ठेवला, त्याला मालक बदलता येतो. ज्याने एकाच कंपनीच्या खास सोयी मुळापर्यंत गुंफून घेतल्या, त्याला येत नाही. खास सोयी आकर्षक असतात, कामाचे तास वाचवतात. त्या सर्वस्वी टाळाव्यात असे म्हणणे पढिकपणाचे होईल. त्यांची किंमत कधी द्यावी लागेल हे ठाऊक असावे, एवढेच.

फुकट जागेचा मोह हा त्याच कुळातला. ॲमेझॉनने आपली अमर्याद साठवणीची योजना २०१७ साली मागे घेतली. गूगलने छायाचित्रांची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली; विद्यापीठांना दिलेली अमर्याद जागाही त्यानंतर आखडती घेतली, आणि जगभरच्या विद्यापीठांत आता कोणते संशोधन ठेवावे आणि कोणते पुसावे, ह्यासाठी बैठका बसल्या. वचन मोडले असे म्हणता येत नाही, कारण तसे वचन कराराच्या बारीक अक्षरांत नव्हतेच.

आता बॅकअपकडे वळावयास हवे. पुष्कळ शिकलेल्या माणसांचाही येथे एक गैरसमज असतो. एस-थ्रीसारख्या सेवेची जाहिरात सांगते की, माहिती टिकण्याची शाश्वती ९९.९९९९९९९९९ टक्के आहे, म्हणजे अकरा वेळा नऊ. हा आकडा खोटा नाही. परंतु तो डिस्क बिघडण्यापुरता आहे. चुकीच्या हाताने पुसले, खाते गोठवले गेले, बिल थकले, किल्ली चोराच्या हाती पडली, तर ती अकरा नवांची शाश्वती त्या पुसण्याचीही तितक्याच विश्वासूपणे अंमलबजावणी करते. ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्ह ह्यांसारखी जुळवून ठेवणारी साधनेही ह्याच कारणास्तव बॅकअप ठरत नाहीत : येथे पुसले की तेथेही पुसले जाते.

ह्या विषयावरचा सर्वांत बोधप्रद दस्तऐवज कोणत्या पाठ्यपुस्तकात नाही. तो गिट-लॅब ह्या कंपनीने स्वतःच्या फजितीविषयी स्वतः प्रसिद्ध केलेला आहे. डेव्हलपर लोकांचे प्रोग्रॅम सांभाळणे हाच जिचा धंदा, अशी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या मुख्य डेटाबेसवर ताण आला होता आणि दुसऱ्या सर्व्हरवर चालणारी त्याची नक्कल मागे पडली होती. दिवसभर काम करून थकलेला एक अभियंता उशिरापर्यंत ती नक्कल पूर्ववत करण्याच्या खटपटीत होता. नकलेच्या सर्व्हरवरचा जुना डेटा पुसून नव्याने आरंभ करावा, असे त्याने ठरविले आणि आज्ञा दिली. सर्व्हर दोन, नावे जवळजवळ सारखी, फरक एका आकड्याचा. आज्ञा गेली ती मुख्य सर्व्हरवर. क्षणा-दोन क्षणांत त्याच्या ध्यानात आले आणि त्याने ती थांबवली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते.

येथवर ही एका थकलेल्या माणसाची चूक आहे, आणि अशी चूक कोणाकडूनही होईल. खरी कथा पुढेच आहे. कंपनीकडे डेटा वाचविण्याचे एक ना दोन, पाच उपाय होते; पाचांपैकी एकही भरवशाचा निघाला नाही. रोज रात्री डेटाबेसची प्रत काढून एस-थ्रीमध्ये ठेवली जात असे, असा सर्वांचा समज होता. उघडून पाहिले तर कोठार रिकामे. डेटाबेसची आवृत्ती ९.६ होती आणि प्रत काढणारे साधन ९.२ चे चालत होते. ते रोज अपयशी होऊन गप्प बसत होते. अपयशाची सूचना ई-मेलने जावी अशी योजना होती. त्या पत्रांवर आवश्यक ती सही नसल्याने पोचविणाऱ्या यंत्रणेने ती परत फिरवली. डिस्कांची छायाप्रत काढण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर होती. ती फाइलींच्या सर्व्हरांना लावली होती, डेटाबेसला लावली नव्हती, कारण डेटाबेससाठी इतर उपाय आहेतच असे वाटत होते. प्रत्येक उपाय दुसऱ्याच्या भरवशावर निर्धास्त होता.

कंपनी वाचली ती योगायोगाने. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी एका चाचणीसाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. तीवरून सारे परत आणले. परंतु ती ज्या डिस्कांवर होती त्या स्वस्तातल्या, मंद गतीच्या, त्यामुळे कामाला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच : सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या, सातशेच्या आसपास नवी खाती. मूळ प्रोग्रॅम मात्र सुरक्षित राहिले. ते वेगळ्या जागी होते.

ह्या कंपनीची दोन कृत्ये वाखाणण्याजोगी आहेत. दुरुस्तीचे काम चालू असतानाच तिने आपली टिपणे जगापुढे उघडी ठेवली. हजारो अनोळखी प्रोग्रॅमर ती वाचत होते, सूचना करीत होते. आणि तिने त्या अभियंत्याला कामावरून काढले नाही. दोष शोधला तो व्यवस्थेत : बॅकअपची जबाबदारी कोणा एकाकडे सोपवलेलीच नव्हती, आणि परत आणण्याचा सराव कोणी केलेला नव्हता. आपल्याकडील किती कचेऱ्यांत असा निवाडा झाला असता, ह्याचा विचार ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून करावा. सर्वसाधारणतः कागद बनतो तो रात्रपाळीच्या माणसाविरुद्ध.

जुन्या दख्खनी खेड्यांत धान्य पेवात ठेवीत. जमिनीत खोल खड्डा, तळाला व भोवती काड, वर माती लिंपून तोंड बंद. आत धान्य शाबूत आहे की कुजले आहे, हे वरून कळण्याचा मार्ग नव्हता. आणि उघडल्यावरही आत कोणी एकदम उतरत नसे. जे बॅकअप कधी उघडून पाहिले नाही ते असेच लिंपलेले पेव समजावे. बॅकअप घेतला की नाही, हा प्रश्न अर्धाच आहे. परत आणता आले की नाही, किती तासांत, आणि कोणत्या माणसाने आणले, हा उरलेला अर्धा.

दुसरा धोका एकाच किल्लीचा. कोड स्पेसेस नावाची एक छोटी कंपनी डेव्हलपरांचे प्रोग्रॅम सांभाळीत असे. २०१४ च्या जूनमध्ये एका खंडणीखोराच्या हाती तिच्या ॲमेझॉन खात्याची सूत्रे लागली. कंपनीने ती परत घेण्याचा प्रयत्न करताच त्याने डेटा पुसला, छायाप्रती पुसल्या, बॅकअप पुसले. कारण सारे त्याच खात्यात होते. कंपनी त्या आठवड्यातच संपली. हल्ली एस-थ्रीसारख्या सेवांत कालबद्ध कुलपाची सोय असते. ठराविक मुदतीपर्यंत खात्याच्या मालकालाही ती प्रत पुसता येत नाही. ही सोय २०१८ पासून आहे आणि छोट्या धंद्यांत ती फार कमी वापरलेली दिसते.

तिसरा धोका एकाच छपराचा. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत जळाली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. जीवितहानी झाली नाही. परंतु आपला बॅकअप त्याच आवारात, किंबहुना त्याच इमारतीत होता, हे कित्येक ग्राहकांना राख पाहिल्यावर समजले. बॅकअपची प्रत वेगळ्या जागी राहील असा करार असताना ती तेथेच ठेवली होती, म्हणून २०२३ साली लील येथील व्यापारी न्यायालयाने एका ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. हा ग्राहक न्यायालयात जाऊ शकला. डेटा परत आणणे न्यायालयाच्याही हाती नव्हते.

ह्यावर आपल्या विचाराच्या माणसांचे उत्तर तयार असते : हे सारे खाजगी कंपन्यांच्या हाती दिल्याचे फळ, साठवण सार्वजनिक मालकीची असावी. ह्या उत्तरात तथ्य आहे. २०१९ च्या जुलैत अमेरिकन निर्बंधांचा हवाला देऊन गिटहबने इराण, सीरिया व क्रिमिया येथील डेव्हलपरांना त्यांच्याच खाजगी प्रकल्पांपासून तोडले. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाने निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडिनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. नायरात रशियन भांडवल मोठे आहे, तिच्याविषयी कळवळा वाटण्याचे कारण नाही. परंतु भारतीय भूमीवरच्या कारखान्याची टपालपेटी परकीय निर्णयाने बंद होऊ शकते, हे त्या आठवड्यात दिसले. सार्वभौमत्वाचा विषय केवळ सीमेवरचा राहिलेला नाही.

आणि तरीही ते तयार उत्तर अपुरे आहे, ह्याचा पुरावा दक्षिण कोरियाने दिला आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील राष्ट्रीय माहितीकेंद्रात लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. केंद्र सरकारी, इमारत सरकारी, यंत्रे सरकारी. शेकडो शासकीय सेवा एकदम बंद पडल्या. जी-ड्राइव्ह नावाच्या साठवणीत लाखाहून अधिक सरकारी नोकर आपले कामाचे कागद ठेवीत. कागद अन्यत्र न ठेवता तेथेच ठेवावेत, असा काही खात्यांचा आग्रह होता. तेथील ८५८ टेराबाइट माहिती कायमची गेली. बाहेर प्रत का नव्हती, तर साठवण फार मोठी आहे म्हणून. जाहीर बाजारभावाने एवढ्या माहितीच्या एका प्रतीचे मासिक भाडे वीस हजार डॉलरांच्या आतबाहेर पडते. एका संपन्न राष्ट्राच्या सरकारला न पेलवणारी ही रक्कम खासच नव्हती. मालकी सार्वजनिक असली म्हणून दक्षता आपोआप येत नाही. तिच्यासाठी प्रश्न विचारणारा कर्मचारी लागतो आणि त्याचे ऐकून घेणारा वरिष्ठ लागतो.

साधनांविषयी फार वेळ घेण्याचे कारण नाही, कारण ह्या भागात परिस्थिती आशादायक आहे. आर-सिंक १९९६ पासून उपलब्ध आहे. बोर्ग आणि रेस्टिक ही साधने बदललेलाच भाग उचलतात, आणि माहिती घराबाहेर पडण्यापूर्वीच तिला कुलूप घालतात. रेस्टिक तर कुलपाशिवाय काही बाहेर जाऊच देत नाही. आर-क्लोन डझनावारी साठवण-सेवांशी बोलते आणि एकीकडचे सामान दुसरीकडे नेते. ही सर्व मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांचा मूळ प्रोग्रॅम कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, वाटावा. निरनिराळ्या देशांतील माणसांनी बहुतांशी विनामोबदला श्रमातून ती उभी केली आहेत, आणि बलाढ्य कंपन्यांच्या दारातले नाके चुकविण्याची किंवा निदान ओळखण्याची शक्ती सामान्य डेव्हलपरला त्यांनीच दिली आहे. सहकाराविषयी बोलणाऱ्यांनी साखर कारखान्यांपलीकडे हेही उदाहरण पाहावे. सावधगिरी येथेही हवीच. रेस्टिकचा परवलीचा शब्द हरवला तर ती पेटी जगात कोणालाही उघडता येत नाही. आणि साधन कोणी बनवले ह्याने साधन निर्दोष ठरत नाही : २०२१ च्या डिसेंबरात जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर एका नामांकित पुरवठादाराच्या बॅकअपच्या प्रोग्रॅमनेच ७७ टेराबाइट संशोधन पुसून टाकले.

किती प्रती ठेवाव्यात ह्याचा जुना दंडक पीटर क्रोघ ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ च्या सुमारास रूढ केला : प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. आपल्या शेतकऱ्याला हे नवे नव्हते. खाण्याचे धान्य आणि बियाणे तो एका कणगीत ठेवीत नसे. एकट्या डेव्हलपरला हे परवडते : एक प्रत कामाच्या संगणकावर, एक घरातल्या डिस्कवर, एक कुलूपबंद अशी दूरच्या साठवणीत, शक्यतो वेगळ्या मालकाच्या आणि वेगळ्या खात्यातील. क्वचितच लागणाऱ्या जुन्या मालासाठी ॲमेझॉनचे शीतगृह महिना टेराबाइटमागे डॉलरभरात मिळते. मात्र तेथून माल बाहेर यायला बारा तास लागू शकतात आणि सहा महिन्यांपूर्वी काढला तरी भाडे सहा महिन्यांचे द्यावे लागते.

राहिला प्रश्न सातबाऱ्याचा. लहान कंपन्यांत साठवणीचे खाते बहुधा पहिल्या दिवशी जो डेव्हलपर हजर होता त्याच्या नावे आणि त्याच्याच क्रेडिट कार्डावर उघडलेले असते. तो नोकरी सोडतो, कार्डाची मुदत सरते, स्मरणपत्रे बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहतात. हेच चित्र आपल्या संघटनांतही आहे. युनियनच्या दाव्यांचे कागद, सभासदांच्या याद्या, साप्ताहिकांचे स्कॅन केलेले जुने अंक हे एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खाजगी फुकट खात्यात पडून असतात, आणि तो कार्यकर्ता परगावी गेला की पासवर्डासाठी फोनाफोनी सुरू होते. कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, ह्या स्थितीतून कुळांना सोडविण्यासाठी ह्या राज्यात १९४८ चा कायदा करावा लागला. येथे कायद्याची गरज नाही. खाते संस्थेच्या नावे असावे, किल्ली दोघांकडे असावी, आणि बिल कोषाध्यक्षाच्या वहीत चढावे.

आणि परत आणण्याचा सराव. तीन महिन्यांतून एकदा दूरच्या प्रतीतून काही फाइली आणि एक पूर्ण डेटाबेस रिकाम्या संगणकावर उतरवावा, तो चालतो की नाही हे पाहावे, लागलेले तास लिहून ठेवावेत. हे काम कंटाळवाणे आहे. त्यातून विक्री होत नाही, ग्राहकाला दाखविण्यासारखे काही निघत नाही. म्हणूनच ते बहुधा डेव्हलपरच्या रविवारावर ढकलले जाते. सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांच्या ज्या संघटना आता पुणे-बंगळूरात उभ्या राहू लागल्या आहेत, त्यांनी मालकांशी बोलताना पगार आणि कपातीबरोबर हेही कलम पुढे ठेवावे : बॅकअपचा सराव हे काम आहे, आणि त्याचे तास कामाच्या तासांत धरले जावेत.